गोदाअक्कांचं निम्मं-निम्मं

"पारोळ्याची एसटी येईल ना हो आता?" असं मी विचारलं, तेव्हा फाट्यावर उभ्या असलेल्या बाईंनी 'येईल' किंवा 'नाही' यांपैकी काहीतरी म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती. बाईंनी आधी लिंबाच्या सावलीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाचात तीनदा येते."

"म्हणजे?"

"म्हणजे रोज या वेळेला इथे येऊन उभे राहिलात, तर पाच दिवसांतले तीन दिवस मिळेल. दोन दिवस नाही मिळायची. आजचा दिवस त्यातला कुठला, ते मला ठाऊक नाही."

मी मराठीचा मास्तर. धुळ्याहून बदली होऊन त्याच दिवशी गावात हजर व्हायला आलो होतो. राहायला जागा मिळेना, म्हणून रात्रीपुरतं पारोळ्याला परत निघालो होतो. गणिताशी माझं लहानपणापासून पटलेलं नव्हतं. मी आपला सौम्यपणे म्हणालो, "म्हणजे बहुतेक येईल."

"बहुतेक म्हणजे किती?" बाईंनी विचारलं.

एसटी आली नाही. अंधार पडायला लागला तशा त्या म्हणाल्या, "चला घरी, मास्तर. आज एक तृतीयांश माणसाचा स्वयंपाक जास्त केलाय, तो तुम्ही खा." या वाक्याचा अर्थ मला जेवायला बसल्यावर कळला. त्यांचे यजमान अण्णा भुसावळला रेल्वेत होते, मालगाडीवर गार्ड. त्यांच्या पाळ्यांचा काही भरवसा नसायचा. कधी ते अमळनेरपर्यंत गाडीने आणि पुढे मिळेल त्या वाहनाने घरी यायचे, कधी आठवडा आठवडा तोंड दिसायचं नाही. कुठल्याही एका संध्याकाळी अण्णा येण्याची शक्यता तिनात एक, असं बाईंनी बऱ्याच दिवसांच्या अनुभवावरून ठरवलं होतं, आणि त्या हिशेबाने त्या तांदूळही अण्णांच्या भुकेच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच जास्त लावायच्या. परिणाम असा की अण्णा आले की अर्धपोटी राहायचे आणि नाही आले की बाईंना सकाळी शिळा भात फोडणीला टाकावा लागायचा. "सरासरीने माझं पोट अगदी बरोबर भरतं," अण्णा मला पुढे एकदा म्हणाले, "फक्त ते कुठल्याच एका दिवशी भरत नाही." हे ऐकून बाई आधी हसल्या, मग उठून पुन्हा चूल पेटवायला गेल्या.

गोदावरी चौधरी हे त्यांचं शाळेच्या दप्तरातलं नाव. गावाला त्या गोदाअक्का. आमच्या शाळेत त्यांनी सारी नोकरी गणित शिकवण्यात घालवली होती. मी आलो त्याच्या आदल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या होत्या, पण निवृत्तीची गोष्ट त्यांनी फारशी मनावर घेतलेली नव्हती. रोज अकराच्या सुमारास त्या शाळेत यायच्या, एखाद्या वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि आतल्या मास्तरांना म्हणायच्या, "तुम्हाला जरा दमल्यासारखं वाटत असेल ना?" मास्तर शहाणा असेल तर त्याला लगेच दमल्यासारखं वाटायचं. बुटक्या, काटक, डोक्यावरून पदर आणि बोटांना कायम खडूची भुकटी. वरवर कडक, पण एखाद्या मुलीला उत्तर आलं की यांचाच चेहरा आधी फुलायचा.

गावात कोणाला काही विचारायचं असलं की लोक ज्योतिषाकडे जायच्या आधी अक्कांकडे यायचे, कारण ज्योतिषाला दक्षिणा लागायची. चार मुलींच्या पाठीवर पाचव्या खेपेची एक बाई सासूला घेऊन आली होती. सासूने विचारलं, "अक्का, या खेपले तरी आंडोर व्हई ना?" आंडोर म्हणजे मुलगा. अक्का म्हणाल्या, "निम्मं-निम्मं." सासू म्हणाली, अहो, चार मुली झाल्या ना लागोपाठ, आता तरी देवाला दया यायला हवी. अक्का म्हणाल्या, "देवाचं देवाला विचारा. माझ्याकडे निम्मंच आहे." सासू तरातरा निघून गेली. पुढे मुलगा झाला तेव्हा तीच सासू पेढे घेऊन आली आणि अक्कांच्या जिभेला यश आहे म्हणून त्यांच्या पाया पडू लागली. अक्का भयंकर संतापल्या. "अहो, मुलगी होईल असंही मी तेवढंच सांगितलं होतं!" त्या ओरडत होत्या. पेढे मात्र त्यांनी ठेवून घेतले, त्यातले दोन मला दिले.

अशा या अक्का आमच्या ग्रामपंचायतीत शिरल्या त्या बायकांसाठी राखून ठेवलेल्या जागेवरून. त्या जागेवर एखाद्या पंचाची आई किंवा चुलती बसवायची आणि ती फक्त अंगठ्यापुरती धरायची, अशी आमच्याकडची रीत होती. अक्का निवडून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की आपण सरपंचपदाला उभ्या राहणार. गावाला वाटलं, बाई थट्टा करतात.

ती थट्टा नव्हती. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर पारोळा. मुलगे सायकलवर टांग टाकून जायचे. मुली सातवीचा निकाल घेऊन घरी यायच्या, आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्या हळदीचं आमंत्रण यायचं. अक्कांनी आयुष्यभर गणितात हुशार मुली घडवल्या आणि त्या सगळ्या सातवीनंतर चुलीपुढे बसलेल्या पाहिल्या. "मी यांना त्रैराशिक शिकवते ते कशाला? भाकऱ्या मोजायला?" असं त्या मला एकदा म्हणाल्या, आणि त्या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. आठवीचा वर्ग गावातच काढायला वरून मंजुरी मिळण्यासारखी होती, फक्त पंचायतीने एक खोली द्यायला हवी आणि तसा ठराव सरपंचाच्या सहीने जायला हवा. खोली होती. तिच्या दारावर 'सार्वजनिक वाचनालय' अशी पाटी होती आणि आत तुळशीराम आबांच्या सरकीची पोती होती.

तुळशीराम आबा म्हणजे आमचे त्या वेळचे सरपंच. उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे, मनाने वाईट नव्हेत. कापूस भरपूर, माणसंही भरपूर. मुलींच्या आठवीबद्दल त्यांचं मत विचारलं की ते म्हणत, "पाहू." आबांचं 'पाहू' म्हणजे किती, हे अक्कांनी केव्हाच काढून ठेवलं होतं. ते फार थोडं भरत होतं.

आता पंचायतीची गंमत सांगितली पाहिजे. आमच्याकडे पंच नऊ. गावात आळ्या दोन, वरची आबांची आणि खालची अक्कांची, आणि दोन्हीकडे चार-चार पंच ठरलेले. त्यामुळे सगळं नवव्यावर. आणि नववा पंच आमच्या गावाला काही केल्या लाभत नव्हता. मागच्या दोन निवडणुकांतल्या पहिल्या खेपेला तो सरपंच निवडायच्या दिवशी सप्तशृंगीला नवस फेडायला गेला होता. दुसऱ्या खेपेला हजर होता, पण त्याने मतपत्रिकेवर दोन्ही नावांपुढे फुल्या मारल्या. का म्हणून विचारलं तर म्हणाला, दोघंही आपलेच. मत बाद. दोन्ही वेळा चार विरुद्ध चार झालं, दोन्ही वेळा तहसीलच्या साहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि दोन्ही वेळा आबांची चिठ्ठी निघाली. या तिसऱ्या खेपेला नवव्याच्या जागेचा वाद कोर्टात अडकला, म्हणून ती रिकामीच राहिली. म्हणजे पुन्हा चार विरुद्ध चार होणार आणि पुन्हा चिठ्ठी पडणार, हे आधीच सगळ्यांना दिसत होतं.

आणि मग गावाने आपला निर्णय दिला. दोनदा आबांची निघाली, आता पाळी अक्कांची.

या 'पाळी'वर गावाचा विश्वास असा काही बसला की विचारू नका. विहिरीवर, पारावर, सलूनमध्ये एकच बोलणं. खालच्या आळीच्या लोकांनी डफडेवाल्याला सांगूनसुद्धा ठेवलं. अक्कांच्या चार मतांतलं एक पन्नालालशेठचं. शेठची तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेली किराणा मालाची पेढी होती. शेठ तर एवढे निर्धास्त होते की त्यांनी गुळाची ढेप बाजूला काढली. अक्का हे पाहून त्यांच्या दुकानात गेल्या. मी मीठ घ्यायला तिथेच उभा होतो.

"शेठ, कोणी सांगितलं पाळी माझी म्हणून?"

"अक्का, लागोपाठ तीन डाव आबांचंच निघेल, असं कधी होते का?"

"होतं. आठात एकदा."

"बघा! आठात एकदा. म्हणजे सात वेळा आपलं."

"नाही. आता आपलं निम्मं."

शेठनी चष्मा कपाळावर चढवला. "आत्ताच तर आठात एकदा म्हणाले. लगेच निम्मं? तुमच्या तराजूत पासंग आहे, अक्का."

"अहो शेठ, आठात एक हे सगळं सुरू व्हायच्या आधीचं. आता दोन चिठ्ठ्या निघून गेल्या, त्यांचं गणित संपलं. तिसऱ्या चिठ्ठीला काय माहीत मागे कोण निघालं होतं? तिला आठवण असते का?"

"कापसाचं भाव दोन वर्ष पडलं तर तिसऱ्या वर्षी चढतोच ना?"

"कापसाला गिऱ्हाईक असतं, गिरणी असते, पाऊस असतो. चिठ्ठीला कोण आहे?"

शेठना पटलेलं नव्हतं. तेव्हा अक्कांनी गल्ल्यावरचं एक नाणं उचललं आणि म्हणाल्या, आत्ता दाखवते. लागोपाठ दोनदा छापा पडला की तिसऱ्यांदा छापाही तितकाच पडतो आणि काटाही तितकाच. नाणं उडवलं, छापा. पुन्हा उडवलं, छापा. दुकानात पाच-सहा माणसं गोळा झाली. तिसऱ्यांदा उडवलं आणि काटा पडला. शेठनी टाळी वाजवली, "देखो! पाळी!" पुन्हा केलं. दोन छापे पडेपर्यंत बराच वेळ गेला, आणि तिसऱ्यांदा पुन्हा काटा. लोकांनी टाळ्याच पिटल्या. अक्का म्हणाल्या, असं पुष्कळ वेळा करायला हवं, पुष्कळ वेळा. पण शेठच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि लोकांना हवं ते मिळालं होतं. परत येताना वाटेभर त्या नाण्याला शिव्या देत होत्या. त्यांच्यासारख्या बाईच्या तोंडी त्या शोभत नव्हत्या, म्हणून इथे लिहीत नाही.

चेष्टा बाजूला ठेवली तर त्या दिवसांत अक्का घाबरलेल्या होत्या. मी त्यांच्या ओसरीवरच्या खोलीत राहत होतो, म्हणून मला ते दिसायचं. एरवी कुठलीही शक्यता थंडपणे सांगणारी बाई, पण आता एकसारखी हाताला लागेल ते पुसत बसायची. मी धीर द्यायला म्हणालो, "अक्का, निम्मी शक्यता काही कमी नाही."

"मास्तर, अण्णांच्या भातासारखं झालंय हे," त्या म्हणाल्या. "निम्मी शक्यता म्हणजे निम्म्या मुली आठवीत बसतील, असं नाही ना होत. एकतर सगळ्या बसतील, नाहीतर एकही नाही. मला पाच वर्षांची खुर्ची नको. जून लागायच्या आत एका ठरावावर सही हवी. आणि तेवढ्यासाठी मी चिठ्ठीवर बसलेय."

निवडीच्या आदल्या संध्याकाळी आबा आले. एकटेच आले. मी ओसरीवर निबंध तपासत होतो. आबांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की या माणसाला दोन-तीन रात्री झोप लागलेली नाही. गावाचं 'पाळी' प्रकरण अक्कांच्या माणसांपेक्षाही आबांच्या मनावर जास्त बसलं होतं. तिसऱ्यांदा निवडून येण्यापेक्षा सगळ्या गावादेखत चिठ्ठीत हरण्याची त्यांना जास्त धास्ती होती. डफड्याची सुपारी त्यांच्याही कानावर गेली होती.

पाट पुढे सरकवला तरी आबा बसले नाहीत. म्हणाले, "अक्का, तुम्ही गनितन्या बाई. बठ्ठा गाव सांगी राहिना, पाळी तुम्हनी शे. तुम्ही खरं सांगा. कोना नावनी चिठ्ठी निंघी?"

मी लिहिता हात थांबवला. आबा काय मनात धरून आले आहेत, हे मला दिसत होतं. चिठ्ठीआधी तडजोड करायची, निम्मी मुदत तुमची, निम्मी आमची, म्हणजे हरायला नको. अक्कांनी नुसतं मान खाली घालून म्हटलं असतं, "लोक म्हणतात ते काही खोटं नाही," की संपलं. आठवीचा वर्ग समोर पाटावर येऊन बसला होता.

अक्का पाणी आणायला आत गेल्या. पाणी आणायला एवढा वेळ लागत नाही. आत तांब्याचा आवाजही येत नव्हता. मी मनात म्हणत होतो, अक्का, गप्प बसा, एकदाच गप्प बसा. त्या बाहेर आल्या, तांब्या आबांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आबा, लोकांचं काही ऐकू नका. पाळी वगैरे काही नसतं. तुमची निम्मी, माझी निम्मी. तुम्ही मागे दोनदा जिंकलात, त्याचा या चिठ्ठीशी काही संबंध नाही."

मी कपाळाला हात लावला.

आबा पाणी प्यायले. त्यांनी अक्कांकडे निरखून पाहिलं. मग मिशीवरचं पाणी पुसून ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "अक्का, मी काय आजना शे का? तुम्हले बठ्ठं म्हाईत शे. पाळी तुम्हनी शे म्हनीसनच तुम्ही माले निम्मं-निम्मं सांगी राहिनात. मी चिठ्ठीले राजी व्हाले पाहिजे, असंच ना?"

अक्कांचं तोंड उघडंच राहिलं. "आबा, मी खरं सांगतेय हो!"

"तुम्हनं खरं माले समजनं," आबा म्हणाले, आणि आता ते पाटावर बसले. "चिठ्ठी नको. निम्मी मुदत तुम्हनी, निम्मी मनी. एक फारम मागे लेऊत."

अक्कांच्या डोळ्यांत आशा आली आणि त्याच वेळी शंकाही. निम्म्या मुदतीचे करार आमच्या भागात पुष्कळ होत, पण पहिला माणूस निम्म्यावर राजीनामा देतो, असं फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं. पहिली पाळी आबांनी घेतली की संपलं. म्हणून त्या चाचरत म्हणाल्या, "पण पहिली निम्मी कोणाची? ते मात्र ठरवायला हवं. त्याला तरी चिठ्ठी टाकू. त्यातही तुमची निम्मी, माझी..."

आबा पाटावरून ताडकन उठले. "आक्का! चिठ्ठी नको, म्हंतं ना! पहिली तुम्हीच ल्या!"

मारुतीच्या देवळात दोघांनी बेलभंडारा उचलला. निम्मी मुदत संपली की अक्का राजीनामा देणार आणि आबा सरपंच होणार. दुसऱ्या दिवशी तहसीलचे साहेब पत्र्याचा डबा आणि कात्री घेऊन आले, तर फॉर्म एकच. चिठ्ठ्यांची एवढी तयारी फुकट गेली म्हणून साहेब जरा नाराज दिसले, पण कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन त्यांची नाराजी गेली. डफडं वाजलं. शेठनी गूळ वाटला आणि प्रत्येकाला सांगितलं, "बोललो होतो ना, पाळी अक्कांची."

त्या रात्री मी अक्कांना म्हणालो, "तुम्ही खरं सांगून सगळं घालवत होतात."

"गणिताच्या बाईला गणित विचारलं, तर दुसरं काय सांगणार?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण मास्तर, आबांनी ते खरं मानलं असतं तर मी फार रडले असते." हे त्यांनी सरळ सांगितलं, लाजल्या नाहीत.

जूनमध्ये वाचनालयातली सरकीची पोती हलली आणि आठवीचा वर्ग बसला. पहिल्या दिवशी अक्का दारात उभ्या राहून मुली मोजत होत्या. प्रत्येक मुलगी आत गेली की एक मुलगी मोजायच्या आणि दोनदा चुकल्या.

निम्मी मुदत संपली, त्या दिवशी सकाळी अक्कांनी राजीनामा लिहिला. खालची आळी घरात येऊन बसली. पन्नालालशेठ तर हात जोडत होते. "अक्का, राजीनामा कोण देतं? बोलायची गोष्ट वेगळी, द्यायची वेगळी!" अक्कांनी राजीनामा दिला. त्या संध्याकाळी मात्र त्या ओसरीवर पुन्हा हाताला लागेल ते पुसत बसल्या होत्या. आता आबांच्या हातात पंचायत. नववीसाठी अक्कांना खोली मिळाली नव्हती, मग मुली आठवी होऊन पुढे कुठे जाणार? मी विचारलं, "आबा नववी काढण्याची शक्यता किती?"

"शून्य," अक्का म्हणाल्या.

मी दचकलो. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून मी कधी शून्य ऐकलं नव्हतं, आणि पूर्ण एकही ऐकलं नव्हतं. "उद्या सूर्य उगवेल ना?" असं विचारलं तरी त्या क्षणभर थांबून मगच हो म्हणणाऱ्या. पण त्या दिवशी त्यांचं मन कडू झालं होतं. त्या पुन्हा म्हणाल्या, "लिहून ठेवा. शून्य."

त्या वर्षी आबांची नात मंगल आठवीत होती. अक्का फुकटात गणित शिकवायला जात, आणि पुस्तकात नसलेलं बरंच काही शिकवत. एके दिवशी त्यांनी मुलींना नाणी उडवायला लावली. दोनदा छापा पडला की पुढे काय पडतं, ते प्रत्येकीने फळ्यावर मांडायचं. सगळा वर्ग दुपारभर नाणी उडवत बसला. शेठच्या दुकानात जे जमलं नव्हतं ते इथे जमलं. पुष्कळ वेळा केल्यावर छापा आणि काटा जवळजवळ सारखेच आले. मंगल घरी गेली आणि जेवताना तिने आजोबांना सांगितलं की आबा, चिठ्ठीला आठवण नसते, पाळी-बिळी काही नसतं, आम्ही करून पाहिलं.

आबा तसेच उठले. उष्ट्या हाताने अक्कांच्या ओसरीवर आले, मागून मंगल धावत आली.

"आक्का! तुम्ही माले फसाडं!"

"मी? आबा, मी तुम्हाला खरं तेच सांगितलं होतं. मास्तर साक्षीला आहेत."

"हां! खरं सांगीसन फसाडं! खोटं बोलतात तर माले समजी जातं!"

मला हसू आवरेना, म्हणून मी निबंधांच्या गठ्ठ्यात तोंड घातलं. आबा नातीकडे वळले आणि दरडावून म्हणाले, पुन्हा सांग. मंगलने सगळं नीट, न अडखळता, पहिल्यापासून सांगितलं. आबांनी तिला मध्येच दोन आडवे प्रश्न विचारले, तिने त्यांची उत्तरं दिली. तिसऱ्या प्रश्नाला तिने आजोबांनाच प्रश्न विचारला आणि आबांना उत्तर येईना. ते तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ती घरात होती, पण त्यांनी तिला अशी पहिल्यांदाच पाहिली असावी. मग हात धुवायलाही न थांबता ते तिला घेऊन निघून गेले.

आठवीचा निकाल लागला. मंगल वर्गात पहिली. पंचायतीची बैठक झाली ती दुपारी, आणि बातमी मला शाळेत कळली. नववीचा ठराव पास झाला होता. पंचायतीकडे आणखी खोली नव्हती, म्हणून आबांनी रस्त्याकडची आपली पडवी दोन वर्षं बिनभाड्याने लिहून दिली होती. मी धावत अक्कांकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं तशा त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

आबा आपल्या ओट्यावर बसून गड्याकडून पडवीतलं सामान बाहेर काढून घेत होते. अक्का ओट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"आबा, मी तुमच्याबद्दल चुकीचं सांगितलं होतं. या मास्तरांना. तुम्ही नववी काढण्याची शक्यता मी शून्य सांगितली होती."

आबांच्या मिशा हलल्या. राग आला की हसू, ते मला कळलं नाही. म्हणाले, "मंग किती म्हनाले पाहिजे व्हतं?"

अक्का बोटांवर हिशेब करू लागल्या. मला वाटलं, आता दहात एक येईल, नाहीतर विसात एक. बोटांवर अंगठा सरकत होता, थांबत होता, पुन्हा पहिल्या पेरावर येत होता. पडवीतून मंगल एक रिकामं पोतं ओढत बाहेर आली, आमच्याकडे बघून हसली आणि पुन्हा आत गेली. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचा अंगठा थांबला.

"नाही काढता येत, आबा," त्या म्हणाल्या. रडत होत्या आणि हसतही होत्या. "हे मला नाही काढता येत."

"मंग बसा आते," आबा म्हणाले आणि आत चहा टाकायला सांगितला.